कॉलेजात पुन्हा दोन दिवस : सोलापुरात माजी विद्यार्थी मेळावा भरवताना

मेळावा फसतो तो बहुतेक वेळा व्यासपीठावर. वीस-पंचवीस वर्षांनी भेटलेल्या माणसांना एका दिशेला तोंड करून खुर्च्यांवर बसवलं जातं. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, आभार यांत अडीच तास जातात, आणि मागच्या रांगा एकेक करून कॅन्टीनकडे सरकतात. खरा मेळावा तिकडे सुरू झालेला असतो. म्हणून दोन दिवस आखताना आधी कॅन्टीन, वर्ग आणि झाडाखालची जागा धरायची. व्यासपीठ उरलेल्या वेळात. पुढचे आकडे साधारण ३०० माणसांच्या, शनिवार-रविवारच्या मेळाव्याचे आहेत. तुमची संख्या वेगळी असेल तर त्याच हिशोबाने कमी-जास्त करा.

अमेरिकेतल्या कॉलेजांचं 'होमकमिंग' शरद ऋतूत फुटबॉलच्या सामन्याभोवती रचलेलं असतं. आपल्याकडे तसा सामना नाही, पण सोलापूरकडे हुरडा आहे, आणि तारीख ठरवायला तो सामन्याइतकाच कामाचा.

तारीख : गड्डा, पौष आणि रेल्वे

रब्बी ज्वारीचा हुरडा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चांगला मिळतो. थंडी असते, दुपारी मांडवात बसवतं. मार्चनंतर सोलापुरात दुपारचा कार्यक्रम ठेवणं म्हणजे साठीच्या माणसांना शिक्षा. मग हिवाळ्यातली कुठली तारीख? मकर संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात, होम मैदानावर गड्डा म्हणजे यात्रेची जत्रा भरते, गावातले रस्ते वळवलेले असतात आणि लॉजवर खोली मिळत नाही. कमिटीत कुणीतरी हमखास म्हणतं, "गड्ड्यालाच ठेवू, तेव्हा सगळे गावी येतातच की." येतात, पण घरच्यांसाठी येतात. यात्रेत कॉलेजला दोन तास मिळतील, दोन दिवस नाही.

यात्रा उरकल्यावरचा, जानेवारीच्या उत्तरार्धातला शनिवार-रविवार सगळ्यांत सोयीचा. त्याला आणखी एक कारण आहे. बहुतेक वर्षी तेव्हा पौष असतो आणि पौषात लग्नं नसतात. आचारी, मांडववाला, साउंडवाला रिकामे असतात आणि भावात बसतात. माघ लागला की हीच माणसं फोन उचलत नाहीत. २६ जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर मोह होतो, पण तेव्हा गाड्याही भरलेल्या असतात. त्या वर्षी तारीख अजून लवकर जाहीर करा.

तारीख पक्की करण्याआधी परीक्षा विभागात जाऊन विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक बघा. कॉलेज परीक्षा केंद्र असेल तर प्राचार्यांनी होकार दिला तरी वर्ग उघडत नाहीत. प्राचार्यांचं आणि संस्थेचं, दोघांचंही लेखी पत्र घ्या, आणि त्या पत्रात खोल्यांची नावं लिहून घ्या : सभागृह, तळमजल्यावरचे चार वर्ग, एक प्रयोगशाळा, ग्रंथालय, कॅन्टीन, स्वच्छतागृहं. 'परिसर वापरण्यास परवानगी' एवढ्या ओळीवर शिपाई कुलूप काढत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे तारीख निदान चार महिने आधी कळली तरच माणूस रजा टाकून साठाव्या दिवशी सकाळी तिकीट काढू शकतो. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोचते, परतताना ती सोलापुरातूनही रात्रीच सुटते. त्यामुळे शनिवारी नोंदणी साडेनऊच्या आधी सुरू करू नका आणि रविवारचा कार्यक्रम चारला संपवा. गाडीपर्यंत घरी जाऊन यायला वेळ उरतो. वंदे भारत मुंबईहून दुपारी सुटून रात्री पोचते आणि सोलापुरातून पहाटे निघते, म्हणजे ती शुक्रवारी येणाऱ्यांच्या आणि सोमवारी जाणाऱ्यांच्या कामाची. पुण्याचे लोक बहुतेक गाडीने येतात, अडीचशे किलोमीटर. त्यांना फक्त पार्किंग कुठे ते सांगा.

यादी, आणि 'बॅच' म्हणजे नेमकं काय

सगळ्या कामात हे काम मोठं आणि कंटाळवाणं. सहा महिने आधी हातात घ्यावं लागतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवरची नावं म्हणजे यादी नव्हे. ग्रुपवर तेच असतात जे आधीपासून संपर्कात आहेत. हरवलेले तिथे नसतात, आणि मेळाव्याची गंमत हरवलेल्यांत आहे.

सुरुवात कॉलेजच्या जनरल रजिस्टरपासून करा. कार्यालयाच्या अधीक्षकांना भेटून त्या-त्या वर्षाची पानं तिथेच बसून वहीत उतरवून घ्या. पूर्ण नाव, तुकडी, शाखा एवढंच. पत्ता, जात, जन्मतारीख हे रजिस्टरमध्ये असतं, पण ते उतरवायचं नाही आणि पानांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. मग प्रत्येक तुकडीसाठी दोन माणसं नेमा, एक सोलापुरात राहणारा आणि एक बाहेरचा. सोलापूरचा माणूस घरी जाऊन विचारू शकतो. जुना फोन नंबर लागत नसेल तर घर सापडतं, आणि घर विकलं असेल तर शेजारी सांगतात. पूर्व भागात किंवा जुन्या पेठांत हे आजही चालतं. जुळे सोलापुरात अपार्टमेंट झाल्यापासून अवघड झालंय.

मुलींची नावं ही मोठी अडचण. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, फेसबुकवर सासरचं, काही जणींचं पहिलं नावही लग्नात बदललेलं. मैत्रिणींच्या साखळीशिवाय या सापडत नाहीत, म्हणून प्रत्येक तुकडीच्या जोडीत एक बाई हवीच. यादीत माहेरचं नाव आणि आत्ताचं नाव असे दोन वेगळे रकाने ठेवा. हे केलं नाही तर तीच व्यक्ती दोनदा मोजली जाते किंवा एकदाही नाही.

दुसरी भानगड 'बॅच' या शब्दाची. कुणी प्रवेशाचं वर्ष सांगतो, कुणी पदवीचं. ज्याला एटीकेटी लागली, ज्याने एक वर्ष गॅप घेतली, तो आपल्याच दोस्तांच्या यादीत बसत नाही, आणि तो तक्रारही करणार नाही. फक्त येणार नाही. त्यामुळे बॅच धरायची ती पहिल्या वर्षाच्या प्रवेशाची. जे एका बाकावर बसले ते एक बॅच. निकालाशी तिचा संबंध ठेवू नका. अकरावी-बारावी त्याच कॉलेजात केलेल्यांना दोन्हीपैकी कुठली बॅच हवी ते त्यांना विचारा.

यादीतच कळतं की काही जण राहिले नाहीत. श्रद्धांजलीच्या पडद्यावर नाव घालण्याआधी दोन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करा, आणि त्यांतला एक घरचा किंवा शेजारचा असावा. सोलापुरात सिद्धाराम, मल्लिनाथ, श्रीशैल ही नावं एकेका तुकडीत तीन-तीन असतात. आडनाव न बघता नाव चढवलं आणि तो माणूस पाचव्या रांगेत बसलेला निघाला, तर पुढचा अख्खा दिवस त्यावरच जातो.

पैसे

वर्गणी ठरवताना खर्चाचे दोन ढीग करा. एक, माणसं कितीही आली तरी होणारा : मांडव, साउंड, जनरेटर, फोटोग्राफर, टँकर, छपाई. दुसरा, माणशी लागणारा : जेवण, चहा, बॅज, भेटवस्तू, रविवारची बस. समजा पहिला ढीग १,२०,००० रुपये आणि दुसरा माणशी ९०० आला. ३०० जण आले तर माणशी १,३०० पडतात, २०० आले तर १,५००. वर्गणी १,५०० ठेवा. कमी ठेवली तर नंतर चार 'दानशूर' शोधत फिरावं लागतं, आणि मग त्यांना व्यासपीठावर बसवावं लागतं. भाषणांची सुरुवात तिथून होते.

पैसे न भरता "येतो रे" म्हणणाऱ्याला मोजू नका. नोंदणीची शेवटची तारीख कार्यक्रमाच्या २१ दिवस आधी, आणि आचाऱ्याला अंतिम आकडा सात दिवस आधी. ज्याला वर्गणी जड जाते त्याची गोष्ट तुकडीच्या माणसाने खजिनदाराच्या कानात सांगायची, बाकी कुठे नाही. पावती सगळ्यांना सारखीच.

पैसे कुणाच्या स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. संघटना नोंदणीकृत असेल तर तिचं खातं वापरा, नसेल तर दोन सह्यांचं वेगळं खातं उघडा. वर्गणी आणि देणगी वेगवेगळी ठेवा, कारण वर्गणीच्या बदल्यात जेवण मिळतं, ती देणगी नव्हे. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी पावती (८०जी) द्यायची तर संस्थेकडे ती मान्यता हवी, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. परदेशातल्या मित्रांबाबत एक बारीक मुद्दा : भारतीय पासपोर्टवाला नेहमीच्या बँकमार्गाने देणगी देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र, ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी देणगी ठरते. तिला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

नोंदणीचं टेबल आणि गळ्यातला बॅज

तीनशे माणसांना एक टेबल पुरत नाही. चार टेबलं लावा, बॅचच्या वर्षांप्रमाणे, आणि वर्षांच्या पाट्या डोक्याच्या वर टांगा; टेबलावर चिकटवलेली पाटी पहिल्या पाच माणसांमागे दिसेनाशी होते. पाचवं टेबल 'नाव यादीत नाही' याचं. अशी दहा-पंधरा माणसं येतातच, आणि त्यांच्यामुळे बाकीच्या रांगा अडू नयेत.

बॅजवर जरा वेळ घाला. १० बाय ७ सेंटिमीटर, त्यावर पहिलं नाव सेंटिमीटरभर उंच अक्षरात. खाली कॉलेजातलं आडनाव, बाईंचं असेल तर माहेरचं, आणि त्याखाली बारीक अक्षरात आत्ताचं. मग प्रवेशाचं वर्ष आणि तुकडी. हुद्दा, पदवी, कंपनी काहीही नको, तो 'डॉ.' सुद्धा काढा. टोपणनावासाठी एक रिकामी ओळ ठेवा आणि टेबलावर मार्कर. लोक ती हसत हसत भरतात. आणि बॅज दोन्ही बाजूंनी छापा. दोरीला लटकलेलं कार्ड चालताना फिरतं आणि नेमकं नाव आठवत नसतं तेव्हा त्याची पांढरी पाठ समोर येते. समोरच्याच्या छातीकडे वाकून कार्ड उलटण्याची वेळ कुणावर येऊ नये.

त्याच टेबलाशेजारी सहीचं रजिस्टर ठेवा : नाव, वर्ष, सही. नॅक या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र जागा आहे, आणि कॉलेजला सह्यांची उपस्थिती व स्थळ-वेळेची नोंद असलेले फोटो लागतात. हे तुम्ही आपणहून दिलंत तर पुढच्या वेळी खोल्या मागताना पत्र लवकर निघतं.

मेळाव्याला आलोच आहोत तर जुन्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत काढू, असं बरेच जण ठरवून येतात. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला स्थापन झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. जुन्या पदवीचं काम तिकडचं आहे. हे आमंत्रणातच एका ओळीत लिहा, म्हणजे शनिवारी कार्यालयाच्या खिडकीवर वाद होत नाहीत.

शनिवार

साडेनऊ ते अकरा नोंदणी, नाश्ता, मिठ्या. या दीड तासात माईकवर कुणीही बोलायचं नाही, "कृपया स्थानापन्न व्हावे" सुद्धा नाही. नाश्त्याला सुशीला आणि उप्पीट. चुरमुऱ्याची सुशीला भिजली की अर्ध्या तासात लगदा होते, म्हणून आचाऱ्याला एकदम नाही, २० मिनिटांच्या अंतराने घाणे करायला सांगा.

अकराला घंटा. खरी, शिपायाने वाजवलेली. मग वर्ग भरवायचे : प्रत्येक बॅच आपल्या वर्गात, जुने सर किंवा मॅडम ३० मिनिटं शिकवतात, हजेरी घेतात. दोन दिवसांतलं सगळ्यांत लक्षात राहणारं हेच असतं, आणि खर्च शून्य. पण तयारी लागते. सरांचं वय ऐंशीच्या पुढे असेल तर वर्ग तळमजल्यावरच घ्या, मूळ वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता हा हट्ट सोडा. हाताची खुर्ची, पाणी, शर्टाला लावायचा छोटा माईक, घरून आणायला-सोडायला गाडी आणि एक माजी विद्यार्थी. हजेरीपट जुन्या क्रमाने छापून त्यांच्या हातात द्या, १६ पॉइंटपेक्षा मोठ्या अक्षरात. दिवंगतांची नावं त्या पटातून आधीच काढा. सरांनी नाव पुकारलं आणि वर्ग गप्प झाला, असं होऊ देऊ नका.

साडेबाराला सभागृह, फक्त ४५ मिनिटं. सत्काराचं गणित मांडून बघा : २५ शिक्षक, प्रत्येकाला व्यासपीठावर चढणं, शाल, नारळ, फोटो, उतरणं, दोन मिनिटं धरली तरी ५० मिनिटं. त्याऐवजी शिक्षक पहिल्या रांगेत बसलेले असू द्या, आणि त्यांच्या-त्यांच्या बॅचचे दोघं जाऊन एकाच वेळी सगळ्यांचा सत्कार करू द्या. सात मिनिटांत होतो आणि कुणाचा गुडघा दुखत नाही. शालीऐवजी सोलापुरी चादर द्या, वापरली जाते. तीनशे जणांना मात्र चादर नको, ट्रेनमध्ये ओझं होतं. एक चांगला नॅपकिन पुरे. कॉलेजचं नाव विणून घ्यायचं तर डिझाइन वेगळं बसवावं लागतं, थोड्या नगांना ते परवडत नाही. कडेला भरतकाम करून घ्या आणि दोन महिने आधी सांगा.

दुपारचं जेवण आटोपलं की अडीच ते साडेचार मोकळा वेळ. ग्रंथालय उघडं, प्रयोगशाळा उघडी, कॅन्टीनचा चहा चालू. कमिटीला हा वेळ 'वाया' वाटतो आणि कुणीतरी त्यात करमणुकीचा कार्यक्रम घुसवायला बघतं. घुसवू देऊ नका.

साडेचारला बॅचवार फोटो. तीनशे जणांचा एकच फोटो काढला तर कुणाचाच चेहरा दिसत नाही. एका वेळी ४०-५०, बाकांच्या तीन पायऱ्या, सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी. बॅचला चार मिनिटं. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पावणेसहापर्यंत शेवटची बॅच उरकायला हवी. संध्याकाळी गाणी, नकला, जे काय असेल ते. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी आधी काढा आणि रात्री दहाला बंद.

जेवण आणि पाणी

बाहेरगावहून आलेल्याला पनीर नको असतं, भाकरी हवी असते. गरम भाकरीचा हिशोब असा : माणशी दीड धरली तर ४५०. सराईत बाई एका चुलीवर तासाला ३५-४० भाकरी करते. दोन तासांत ४५० हव्या तर सहा चुली आणि सहा बायका, शिवाय पीठ मळून द्यायला दोघी. तीन चुलींवर भागवायला गेलात की रांग लागते आणि लोक भातावर ताट संपवतात. सोबत कडक भाकरी टोपलीत ठेवा. बचत गटांकडून आठवडाभर आधी आणून ठेवता येते, आणि रांगेतल्यांचा तेवढा वेळ निघतो. शेंगा चटणी माणशी २५ ग्रॅम म्हणजे साडेसात किलो. भरल्या वांग्यांना ३० किलो वांगी, आमटीला नऊ किलो डाळ, भाताला १८ किलो तांदूळ, मठ्ठा ६० लिटर. गोडाला शेंगा पोळी किंवा गव्हाची हुग्गी, दोन्ही नको. पोळी टिकते, आदल्या दिवशी करता येते. हुग्गी गरम हवी आणि ढवळायला माणूस लागतो. चहाच्या १०० कपांना पाच लिटर दूध, साडेतीन लिटर पाणी, किलोभर साखर, पाव किलो पावडर.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, ही गोष्ट बाहेर राहणारी कमिटी विसरते. पिण्यासाठी माणशी अडीच लिटर, म्हणजे २० लिटरचे ३८ जार. स्वच्छतागृहांसाठी पाच हजार लिटरचा टँकर शनिवारी सकाळी सातला, टाकी भरलेली दिसली तरी. दिवसभरासाठी सफाईच्या दोन बायका नेमा आणि त्यांची मजुरी त्याच संध्याकाळी द्या. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या कड्या, दिवे आणि बादल्या आदल्या दिवशी एखाद्या बाईनेच जाऊन तपासाव्यात. पुरुषांनी दिलेला 'सगळं ओके'चा रिपोर्ट धरू नये.

रविवार : हुरडा

शेत गावापासून २० किलोमीटरच्या आत, सावली आणि विहीर असलेलं बघा. महिनाभर आधी एकदा आणि आठवडाभर आधी पुन्हा जाऊन कणीस दाबून बघायचं. दाणा दुधाळ असेल तर लवकर आहे, टणक झाला असेल तर उशीर. नखाने मऊ दबून हिरवा राहिला तर बरोबर. शेतकऱ्याने दोन टप्प्यांत पेरलेलं असेल तर चूक सावरता येते. शेत निवडताना हा प्रश्न पहिला विचारा.

रविवारी दोनशेच्या आसपास लोक उरतात. एसटीच्या प्रासंगिक करारावर पाच बस घ्या, अर्ज आधी करा. माणशी चार-पाच कणसं, म्हणजे हजारभर. एका आगटीभोवती १५ ते २० माणसं बसतात, तेव्हा १० ते १४ आगट्या लागतील. खड्डा दीड फूट खोल, गोवऱ्या तासभर आधी पेटवलेल्या. धूर मरून लाल निखारा झाल्याशिवाय कणीस खुपसायचं नाही, नाहीतर हुरड्याला धुराचा वास लागतो. तीन-चार मिनिटं भाजलं की काढून गरम असतानाच तळहातावर चोळायचं. हे काम प्रत्येक आगटीला शेतावरच्याच एका माणसाला द्या. शहरात गेलेले हात भाजून घेतात आणि दाण्यापेक्षा कोंडा जास्त खातात. हुरडा गार झाला की चिवट होतो, म्हणून तो ताटात वाढून ठेवायचा नाही. सोबत गूळ, शेंगा चटणी, लसणाची चटणी, दही, बोरं. वाऱ्याची दिशा बघून आगट्या कडब्याच्या गंजीपासून लांब, आणि प्रत्येक आगटीजवळ पाण्याची बादली.

अक्कलकोट आणि तुळजापूर दोन्ही साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. दर्शनाचा आग्रह होईल. रविवारी देवळात गर्दी किती असेल सांगता येत नाही, आणि एक बस अडकली की हुरडा गार. ज्यांना जायचं त्यांनी शुक्रवारी किंवा सोमवारी आपापलं जावं.

आवराआवर

सोमवारी खोल्यांच्या किल्ल्या मोजून परत, सभागृहाची मोडलेली खुर्ची असेल तर तिचे पैसे. पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च बिलांसकट सगळ्यांना पाठवा, उरलेल्या रकमेचं काय करायचं ते विचारा. फोटो एकाच दुव्यावर ठेवा, तुकड्या-तुकड्यांनी ग्रुपवर नकोत. आणि यादीची एक छापील प्रत, माहेरच्या नावांच्या रकान्यासकट, कॉलेजच्या कार्यालयात जमा करा. लोकांचे फोन नंबर त्या प्रतीत ज्यांनी होकार दिला त्यांचेच. पाच वर्षांनी कमिटी बदललेली असते, मोबाइल बदललेले असतात. पुढचा खजिनदार कपाटातून ही प्रत काढेल आणि त्याचे चार महिने वाचतील.